जात्यावरच्या ओव्या : ध्वनी, छायाचित्र आणि मजकूर

बहुमाध्यमी कथन, म्हणजे एकच विषय मजकूर, छायाचित्र, ध्वनी आणि चित्रफीत यांच्या परस्परपूरक मांडणीतून सांगण्याची पद्धत, मराठीत कसे रुजू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात सापडते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या समाजशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून दळताना गायिल्या जाणाऱ्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. १९९० च्या दशकात संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल यांची जोड मिळाल्यावर त्यांतील काही हजार ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. विजेच्या गिरणीने जाते अडगळीत टाकले होते, त्यामुळे हे काम जेमतेम वेळेवर झाले असेच म्हणावे लागेल.

ग्रामीण भारताचे दस्तऐवजीकरण करण्यासाठी पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या डिजिटल संग्रहाने २०१७ पासून या ओव्या अनुवादासह प्रसिद्ध केल्या आणि शक्य तिथे गायिकांना पुन्हा भेटून त्यांची छायाचित्रे व चित्रफिती घेतल्या. दस्तऐवजी छायाचित्रण, म्हणजे प्रसंग न रचता घडते जीवन नोंदवणारे छायाचित्रण, येथे ओवीची सजावट म्हणून येत नाही: एरवी ‘लोकसाहित्य’ या निनावी सदरात जमा झाली असती अशी रचना त्यामुळे विशिष्ट गावातील विशिष्ट बाईची ठरते, आणि नवोदित छायाचित्रकाराने या प्रकल्पातून उचलण्याजोगी गोष्ट कॅमेऱ्याच्या तंत्रापेक्षा नाव नोंदवण्याची ही शिस्तच अधिक आहे.