बाजारात गेलेल्या बाईने जायचे कुठे?

परवा वन्संबरोबर लग्नाचा बस्ता बांधायला बाजारात गेले होते. निघताना मी चहाचा कप पुढे केला, तर म्हणाल्या, "नको हो वहिनी, मग तिकडे पंचाईत होते." दुकानदाराने अगत्याने सरबत मागवले, तेही आम्ही दोघींनी नुसते ओठांना लावून खाली ठेवले. घरी परतलो तेव्हा पाच तास उलटून गेले होते. पिशव्या दारातच टाकून वन्सं आत धावल्या! आमच्याबरोबर आलेले भावजी मात्र "आलोच हं" म्हणत मध्ये दोनदा जाऊन आले होते.

हसू आले ना? पण मैत्रिणींनो, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

बाहेर जायचे म्हणून पाणी प्यायचे नाही आणि लागली तरी दाबून ठेवायची, ही सवय आपल्या अगदी अंगवळणी पडली आहे. बायकांचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत चटकन पोचतात. भरपूर पाणी प्यायले आणि वेळच्या वेळी लघवीला गेले, की ते धुऊन निघतात. तुंबवून ठेवली तर त्यांना वाढायला आयतीच सवड मिळते. मग जळजळ होते, सारखे जावेसे वाटते, ओटीपोट दुखते. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखू लागले किंवा लघवीतून रक्त गेले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टर गाठावा. गर्भारपणी तर साधी जळजळसुद्धा अंगावर काढू नये.

पण पाणी प्या म्हणून सांगणे सोपे. प्यायल्यावर जायचे कुठे? खरा प्रश्न तोच आहे, आणि तो नुसत्या सोयीचा नाही, हक्काचा आहे. पिण्याचे शुद्ध पाणी आणि स्वच्छतेची सोय हा माणसाचा हक्क आहे, असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघाने २८ जुलै २०१० रोजी केला. डिसेंबर २०१५ मध्ये स्वच्छतागृहाच्या सोयीला स्वतंत्र हक्क म्हणून मान्यता मिळाली.

त्याच महिन्यात आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही एक निकाल दिला. दावा कोणाचा होता, ठाऊक आहे? विद्या बाळ यांनी पुण्यात सुरू केलेल्या 'मिळून साऱ्याजणी' या मराठी मासिकाचा! पुण्याच्या रस्त्यांवर बायकांसाठी स्वच्छतागृहे नाहीत, म्हणून ही मंडळी महापालिकेविरुद्ध न्यायालयात गेली होती. घटनेच्या २१व्या कलमाने दिलेला जगण्याचा हक्क म्हणजे सन्मानाने जगण्याचा हक्क, आणि बाहेर पडलेल्या बाईला स्वच्छ जागा मिळणे त्यातच येते, असे न्यायालयाने मानले. मुंबईत तर २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' नावाची चळवळच चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हा कुठला न्याय, असा त्यांचा साधा सवाल होता.

आता आपण काय करायचे? एकदा मुद्दाम आपला बाजार, एस.टी. स्टँड पाहून या. बायकांसाठी जागा आहे का? असली तर उघडी असते का, की कुलूपच लटकलेले? नळाला पाणी, दाराला कडी, आत दिवा, पाळीचे कपडे किंवा पॅड टाकायला झाकणाची पेटी आहे का? पाण्यावाचून बांधलेले स्वच्छतागृह चार दिवसांत नाक दाबून पळावे असे होते, म्हणून नळाचे आधी पाहा.

जे दिसेल ते कागदावर लिहा. नगरपालिका असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, महापालिका असेल तर आयुक्तांच्या नावे अर्ज करा. भिशीला, हळदीकुंकवाला जमलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली, अर्जाचे काय झाले ते विचारा. तीस दिवसांत सांगावे लागते. आपल्याकडे पालिकांतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. वॉर्डातल्या नगरसेविकेला गाठा. ही पंचाईत तिला समजावून सांगावी लागणार नाही!

आणि एक विसरू नका. आपण पाच तासांनी का होईना, घरी येतो. भाजी घेऊन बसणारी बाई दिवसभर तिथेच असते. आमच्या अर्जावर पहिली सही कोपऱ्यावरच्या मेथीवाल्या मावशींची आहे. "आमचं कोन इचारतंय बाई?" म्हणाल्या आणि एकेक अक्षर जुळवत त्यांनी नाव लिहिले. दुसरी सही वन्संची.

तुमच्या गावात काय स्थिती आहे, ते आम्हाला जरूर कळवा.