गुडघ्याची तालीम

मुलीचा गुडघा दुखावला, की घरात निकाल ठरलेला: ‘पुरे झाला तो खेळ!’ पण अनेकदा घात होतो तो एकदम वळताना किंवा उडीवरून उतरताना. गुडघा आतल्या बाजूला झुकतो आणि सांध्यातला अस्थिबंध तुटतो. वयात येणाऱ्या मुलींत हे मुलांपेक्षा अधिक घडते.

स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या ४,५६४ फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोनदा, १५ मिनिटे तालीम: एका पायावर बैठक, उडी मारून गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून अलगद उतरणे, असे साधे प्रकार. नेहमीचाच सराव करणाऱ्या मुलींपेक्षा या मुलींत अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी आढळले. ना यंत्र, ना खर्च!

खोखोतही अशीच वळणे असतात. तेव्हा लेकीचा खेळ सोडवू नका. तिला नीट वळायला, उतरायला शिकवा.