नऊ एकांची चळत

लकडगंजात राहणाऱ्या माणसाला कोंबडा नव्हे, आरामशीन जागे करते. सागवानाच्या भुश्श्याचा वास घेत मी वर्षानुवर्षे कॉलेजात मराठी शिकवतो आहे. गणिताशी मात्र माझे वैर शाळेपासूनचे!

गेल्या वर्षी सहामाहीत धाकटीला गणितात शंभरांपैकी १९ गुण मिळाले. मी रागावलो नाही. "आपल्या घराण्यातच गणित नाही गं," एवढेच म्हणालो. ते ऐकून तिचा चेहरा असा काही निवळला की, मलाच रात्रभर झोप लागेना. दिलासा म्हणून मी तिला पळवाट दाखवली होती.

मग आठवण झाली ती देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची. १९०५ साली डहाणूला जन्मलेले हे साधे शाळामास्तर. पदवीपुढचे शिक्षण नाही, हाताशी विद्यापीठ नाही. छंद एकच, आकड्यांशी खेळण्याचा. ६१७४ या संख्येची गंमत त्यांनी १९४६ साली शोधली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि मास्तरांचे नाव जगभर गेले. काही संख्यांना तर त्यांनी मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनावरून 'डेमलो' असे नाव दिले! त्यांतलीच ही एक :

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा आकडी संख्या, उलटी वाचा की सुलटी, तीच! मी धाकटीला म्हटले, "नऊ वेळा एक लिही आणि त्या संख्येला तिनेच गूण."

तिने एकांच्या नऊ ओळी लिहिल्या, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. बेरजेला लागली आणि थबकली. "बाबा, पहिल्या घरात एकच एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन... मधे नऊ, की पुन्हा उतार. टालावरच्या लाकडांच्या चळतीसारखं!" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "नऊ ओळींत नऊ-नऊ एक. म्हणजे उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१ येणारच!"

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तर ती दारातच उभी. "बाबा, दहा एक घेतले तर शिखर मोडतं!" कागदावर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. का मोडले, ते मला कळेना. तिने समजावले: मधल्या घरात दहा झाले, हातचा एक आला, शेजारच्या नवात तो मिळवला की तिथेही दहा, पुन्हा हातचा. म्हणून मधे दोन शून्ये, आणि आठाचे झाले नऊ.

प्राध्यापक महाशय मुकाट्याने पाटावर बसून ऐकत होते!

यंदाच्या सहामाहीत तिला ४६ गुण आहेत. फार नाहीत, पण घराण्याचे ते वाक्य आमच्या घरात आता कुणी उच्चारत नाही.