आतड्याचा कॅन्सर : दोष वंशाचा की व्यवस्थेचा?

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर येणाऱ्या छोट्या मांसल गाठींना पॉलिप म्हणतात. बहुतेक निरुपद्रवी असतात; काहींचा अनेक वर्षांनी कॅन्सर होतो. वेळीच काढल्या तर तो टळतो. अमेरिकेत या कॅन्सरने गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय अधिक प्रमाणात दगावतात. हा वंशाचाच दोष असता, तर डेलावेअर राज्यात चित्र बदलले नसते. तिथे सरकारने २००२ पासून विमा नसलेल्या गरिबांची कोलोनोस्कोपी आणि पुढे कॅन्सरवरील उपचारही मोफत केले. २००९ पर्यंत कृष्णवर्णीयांमधील तपासणीचे प्रमाण ४८ वरून ७४ टक्क्यांवर गेले आणि मृत्युदरातील तफावत जवळजवळ मिटली. म्हणून मित्रांनो, मोफत तपासणीची मागणी लावून धरा. आणि शौचावाटे रक्त जात असेल किंवा घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर मूळव्याध समजून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.