हार्डकोर पंक: इतिहास, प्रतिमा आणि म्युझिक व्हिडिओची आखणी

हार्डकोर पंक हा रॉक संगीतातला अतिवेगवान आणि आक्रमक प्रकार. तो १९८० च्या सुमारास अमेरिकेत, मुख्यतः दक्षिण कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन डीसी या दोन ठिकाणी आकाराला आला. एक-दोन मिनिटांत संपणारी गाणी, ओरडून म्हटलेले शब्द आणि गाणारे-ऐकणारे यांच्यात अंतर न ठेवणारा कार्यक्रम ही त्याची ओळख. या संगीताचे एक ठळक दृश्यरूपही आहे: कृष्णधवल छायाचित्रे, झेरॉक्स केलेली पत्रके, भादरलेले डोके, गर्दीवर झेपावणारा गायक. हार्डकोर गाण्याचा म्युझिक व्हिडिओ करायला घेणाऱ्या कोणत्याही बँडपुढे हे रूप आयते उभे असते. ते उचलणे सोपे, पण ते का घडले हे कळल्याशिवाय उचलले की व्हिडिओ फॅन्सी ड्रेस स्पर्धेसारखा होतो. हे रूप पैशांच्या टंचाईतून, लहान जागांतून आणि सगळे आपल्या हाताने करण्याच्या हट्टातून आले. आखणीची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

प्रतिमा कशी घडली

कॅलिफोर्नियातील हर्मोसा बीच इथे १९७६ मध्ये ग्रेग गिन याने सुरू केलेला बँड पुढे ब्लॅक फ्लॅग या नावाने गाजला. मोठ्या कंपन्या दारात उभे करत नव्हत्या, म्हणून गिनने एसएसटी ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. बँडचे नाव, चार काळ्या उभ्या पट्ट्यांचे बोधचिन्ह आणि पत्रकांवरची शाईची चित्रे त्याचा भाऊ रेमंड पेटिबॉन याची. काळा-पांढरा हा रंगसंच निवडण्यामागे व्यवहार होता, कारण झेरॉक्सच्या यंत्रातून तेवढेच स्वस्तात निघत असे. चार पट्ट्या तर कुणालाही भिंतीवर रंगवता येत.

याच बँडच्या १९८१ च्या ‘डॅमेज्ड’ या अल्बमचे मुखपृष्ठ या प्रतिमेचा उत्तम नमुना आहे. गायक हेन्री रॉलिन्स आरशावर ठोसा मारतो आहे, काच तडकली आहे, मनगटावरून रक्त ओघळते आहे. एड कोल्व्हर यांनी टिपलेले हे छायाचित्र अपघाताने मिळालेले नाही. आरसा आधी हातोडीने तडकवला होता आणि रक्त म्हणजे लाल शाई व कॉफी यांचे मिश्रण होते. राग खरा, पण चौकट आखलेली. हार्डकोरच्या दृश्यांना आखणी लागत नाही, ती आपोआप घडतात, हा समज या एका छायाचित्राने खोटा ठरतो. त्याच वेळी खर्च किती कमी लागतो हेही दिसते.

वॉशिंग्टन डीसीमध्ये बॅड ब्रेन्स या कृष्णवर्णीय वादकांच्या बँडने वेगाचा नवा मापदंड घालून दिला. इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८० मध्ये डिस्कॉर्ड ही कंपनी सुरू केली. त्यांच्या मायनर थ्रेट या बँडचे ‘स्ट्रेट एज’ हे गाणे जेमतेम पाऊण मिनिटाचे. दारू आणि अमली पदार्थांना नकार देणारी एक पूर्ण चळवळ त्यावरून नाव घेऊन उभी राहिली. तळहाताच्या मागे काळ्या मार्करने काढलेली मोठी फुली हे तिचे चिन्ह. त्याचा उगम साधा आहे. मॅकायचा आधीचा बँड टीन आयडल्स १९८० मध्ये कॅलिफोर्नियाला गेला असता सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅबुहे गार्डन्समध्ये या अल्पवयीन पोरांना आत सोडले, पण दारू मिळू नये म्हणून हातावर फुल्या मारल्या. त्यांनी ती युक्ती डीसीच्या क्लबांना सांगितली, म्हणजे सर्व वयाच्या मुलांना संगीत ऐकता येईल. बंधनाची खूण अभिमानाची खूण झाली. व्हिडिओत अशी फुली दाखवायची तर गाण्याचा या विचाराशी संबंध असायला हवा, नाहीतर ती नुसती रेघोटी उरते.

दूरचित्रवाणी आणि नकार

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही वाहिनी सुरू झाली आणि म्युझिक व्हिडिओ हा धंद्याचा भाग बनला. हार्डकोरवाल्यांनी तिच्याकडे संशयानेच पाहिले. डेड केनेडीज या बँडने १९८५ मध्ये तर एमटीव्हीविरुद्ध गाणेच काढले. मॅकायचा नंतरचा बँड फुगाझी याने नेहमीच्या अर्थाने एकही म्युझिक व्हिडिओ केला नाही. त्यांच्यावर जेम कोहेन यांनी ‘इन्स्ट्रुमेंट’ (१९९९) हा माहितीपट केला. त्यासाठी साधारण दहा वर्षे सुपर-८, १६ मिमी फिल्म आणि व्हिडिओ अशा मिळेल त्या साधनांनी चित्रीकरण चालले होते.

सगळ्यांनी मात्र नकार दिला नाही. सुइसायडल टेंडन्सीज या बँडच्या ‘इन्स्टिट्यूशनलाइज्ड’ (१९८३) या गाण्याचा व्हिडिओ एमटीव्हीवर बऱ्यापैकी दिसलेल्या पहिल्या हार्डकोर व्हिडिओंपैकी एक. आई-वडील आणि मुलगा यांच्यातला विसंवाद हा त्याचा विषय घरातच घडतो, म्हणून व्हिडिओलाही कथा मिळाली.

यातून आजही चालणारे तीन मार्ग दिसतात. पहिला, कार्यक्रमाचे थेट चित्रण. दुसरा, गाण्यातल्या संघर्षाची छोटी कथा. तिसरा, वर्षानुवर्षे साठवलेल्या दृश्यांची जुळणी. गाणे कशाबद्दल आहे आणि हाती काय आहे, यावर मार्ग ठरतो.

मराठी मुलखातले धागे

महाराष्ट्रात हार्डकोरचा प्रवाह मुख्यतः मुंबईत राहिला. २००५ मध्ये सुरू झालेला स्क्राइब हा बँड त्यातला सर्वांत ओळखीचा. ‘कन्फेक्ट’ (२००८), ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) आणि ‘हेल मोगॅम्बो’ (२०१४) हे त्यांचे अल्बम. तेजा ‘अंदाज अपना अपना’तला, मोगॅम्बो ‘मिस्टर इंडिया’तला, आणि एका गाण्याच्या नावात थेट पावभाजी. बँडचा गायक विश्वेश कृष्णमूर्ती दिग्दर्शकही आहे. संगीताचा साचा अमेरिकी असला तरी प्रतिमा मुंबईच्या पडद्यावरून आणि गाडीवरून घ्यायची, हा निर्णय त्यांना वेगळे करून गेला. द रायट पेडलर्स या मुंबईच्याच पंक बँडने २०१२ च्या ‘सरकार्झम’ या रेकॉर्डमध्ये सरकार आणि उपरोध यांची नावातच सांगड घातली.

हार्डकोरच्या विचाराशी नाते सांगणाऱ्या गोष्टी मराठीत त्याआधीच्या आहेत. साठच्या दशकातील अनियतकालिकांची चळवळ पदरमोड करून, सायक्लोस्टाइल यंत्रावर अंक काढत होती. अमेरिकेतील पंक मुलांच्या झेरॉक्स पत्रिकांमागे हीच प्रेरणा दिसते. मंचावरून थेट प्रश्न विचारणारी सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांची परंपरा तर त्याहून जुनी. तिचे चित्रण कसे करावे याचे दोन धडे मराठी प्रेक्षकासमोर आहेत. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’साठी १९९७ ते २०११ अशी चौदा वर्षे कॅमेरा वस्त्यांतून फिरत राहिला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) वीरा साथीदार यांनी साकारलेला शाहीर गातो तेव्हा कॅमेरा हलत नाही, दूरवर थांबून मंच आणि वस्ती एका चौकटीत ठेवतो. गाणे लोकशाहीर संभाजी भगत यांच्या परंपरेतले, आणि गाण्याइतकेच महत्त्व ते कुणासमोर म्हटले जाते याला. स्वदेशी या मुंबईच्या रॅप गटाने २०१९ मध्ये आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह केलेले ‘द वारली रिव्होल्ट’ही याच वाटेवरचे: ज्या जमिनीचा प्रश्न, तिथलाच आवाज.

आखणी: गाण्यापासून प्रदर्शनापर्यंत

पहिला विचार वेळेचा. गाणे दीड मिनिटाचे असेल आणि सरासरी दोन सेकंदांनी दृश्य बदलणार असेल, तर ४५ दृश्ये लागतात. एवढ्या वेळात कथेचे एकच वळण मावते. म्हणून कागदावर गाण्याचे चार-पाच तुकडे पाडून प्रत्येकाला एक ठळक दृश्य नेमावे.

दुसरा विचार जागेचा. हार्डकोर तळघरांत, गॅरेजांत, भाड्याच्या सभागृहांत वाढले, कारण मोठी नाट्यगृहे परवडत नव्हती. लातूर जिल्ह्यातील जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी कुणी असा व्हिडिओ करायचा म्हटला तर त्याने न्यूयॉर्कची रंगवलेली भिंत शोधत बसू नये. शटर ओढलेली दुकानांची रांग, बाजार उठल्यावरचे पटांगण, आडतीचे गोदाम, मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल या तिथल्या खऱ्या जागा. गाणे ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांवर किंवा टँकरच्या रांगेवर असेल तर जागा आपोआप ठरते. परवानगी मात्र आधी घ्यावी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, तेव्हा रात्रीचे चित्रीकरण बंद जागेत किंवा इअरफोनवर गाणे ऐकत करावे.

तिसरा विचार गर्दीचा. हार्डकोरच्या कार्यक्रमात प्रेक्षक हा बँडचाच भाग असतो. माइक त्याच्या तोंडाशी जातो, ओळ तो पूर्ण करतो. पण धक्काबुक्कीच्या नाचाने मुली आणि लहान मुले मागे ढकलली गेली, हाही इतिहास आहे. नव्वदच्या दशकात रायट गर्ल चळवळीतील बिकिनी किल या बँडने मुलींना पुढे बोलावून ती रचना बदलली. पुढच्या रांगेत कोण उभे राहणार हे चित्रीकरणाआधी ठरवावे. उड्या मारायच्या तर खालची जमीन तपासावी, तारा बाजूला बांधाव्यात, आणि चेहरे दिसणार त्यांची, अल्पवयीन असल्यास पालकांची, संमती घ्यावी.

चौथा कॅमेऱ्याचा आणि प्रकाशाचा. कॅलिफोर्नियात हार्डकोर आणि स्केटबोर्ड यांची पोरे एकच होती, ग्लेन फ्रीडमन यांच्यासारखे छायाचित्रकार दोन्हींकडे काम करत. जवळ जाऊन टिपणारे रुंद कोनाचे भिंग ही त्याच संगतीची देणगी. आज फोनच्या रुंद भिंगानेही ते साधते, फक्त गायकापासून हातभर अंतरावर जाण्याची तयारी हवी. तीव्र फ्लॅशचा परिणाम एका उघड्या हॅलोजननेही मिळतो. संथ गतीच्या दृश्यांत मात्र अडचण आहे. सेकंदाला ५० चौकटी टिपून २५ ने दाखवायच्या असतील तर चित्रीकरणावेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवावे लागते, तरच ओठ जुळतात. आधीच सुसाट असलेले गाणे दुप्पट वेगाने म्हणणे जवळजवळ अशक्य. म्हणून संथ गती गर्दीसाठी ठेवावी, गायक खऱ्या वेगात दाखवावा.

पाचवा अक्षरांचा आणि चिन्हांचा. पेनेलोपी स्फीरिस यांच्या ‘द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन’ (१९८१) या माहितीपटात गाण्यांचे शब्द पडद्यावर लिहून दाखवले होते, कारण ओरडण्यात ते हरवत. मराठी व्हिडिओलाही हे लागू पडते. हाताने लिहिलेली, झेरॉक्स करून पुन्हा टिपलेली देवनागरी अक्षरे शब्दही पोहोचवतात आणि रूपही देतात. चिन्हांबाबत कडक राहावे. सुरुवातीच्या पंकमध्ये केवळ धक्का देण्यासाठी नाझी चिन्हे वापरली गेली, पुढे खरे वंशद्वेष्टे कार्यक्रमांत घुसले आणि डेड केनेडीजना १९८१ मध्ये त्यांच्याविरुद्ध गाणे काढावे लागले. ज्या चिन्हाचा अर्थ बँडमधला प्रत्येक जण सांगू शकत नाही, ते चौकटीत घेऊ नये.

शेवटचा टप्पा संकलनाचा आणि प्रदर्शनाचा. प्रत्येक ठोक्यावर दृश्य तोडले की डोळा थकतो. दोन-तीन लांब दृश्ये मधे ठेवली तर वेग अधिक जाणवतो. पंकची सवय म्हणून मुद्दाम ओरखडे, डाग घालण्याची गरज नाही, स्वस्त साधनांच्या खुणा तशाही राहतात. शेवटी कॅमेरा धरणाऱ्यापासून जागा देणाऱ्यापर्यंत सर्वांची नावे द्यावीत, गाण्याचे पूर्ण शब्द व्हिडिओसोबत प्रसिद्ध करावेत आणि न वापरलेले चित्रण तारीख-ठिकाण लिहून जपून ठेवावे. पहिले प्रदर्शन शक्य तर चित्रीकरणाच्या जागीच, विनातिकीट करावे. डिस्कॉर्डच्या पोरांनी सर्व वयाच्या श्रोत्यांसाठी धरलेला आग्रह त्यातून पाळला जातो, आणि व्हिडिओ ज्यांच्याविषयी आहे त्यांना तो पहिल्यांदा पाहायला मिळतो.