वीरगळ कसा वाचावा

गावच्या महादेवाच्या देवळात आपण गेला असाल, तर आवारात भिंतीला टेकवून ठेवलेला चित्रांचा एखादा उभट दगड आपल्या नजरेस पडला असेल. कुणी त्याला शेंदूर फासून देव करतं, तर कुणी त्यावर धुणं आपटतं. विचारलं तर म्हातारी माणसं सांगतात, "पांडवांच्या वेळचा आहे." खरं पाहता तो लढताना मेलेल्या माणसाचा स्मारकदगड होय. त्याला वीरगळ म्हणतात. 'गळ' हे कानडी 'कल्लु'चं, म्हणजे दगडाचं, बदललेलं रूप.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर एकही अक्षर नाही. पण म्हणून तो मुका नव्हे. तो वाचायचा मात्र खालून वर. तळच्या चौकटीत वीर लढताना किंवा मरून पडलेला दिसतो. शेजारी गाई असल्या, तर समजावं की गुरं पळवणाऱ्यांशी झुंजताना तो पडला. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर इथे गाईंच्या जागी वल्ह्यांची गलबतं आहेत. तेराव्या शतकात शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यात झालेल्या आरमारी लढाईशी काही अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात.

मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गात नेतात. त्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ.

कधी जवळच सतीचा दगड असतो. त्यावर कोपरात वळलेला, बांगड्यांनी भरलेला एक हात. न फुटलेल्या बांगड्या म्हणजे अखंड सौभाग्य. त्या हाताच्या मनात काय होतं, हे मात्र कोरणाऱ्याने कोरलेलं नाही.

चंद्रसूर्य अजून आहेत. नाव मात्र कधीच पुसलं गेलं. तरी तो माणूस कशापायी मेला, एवढं तळची चौकट अजून सांगते. शेंदराचे थर चढले किंवा दगड पायरीला लागला, की तेही जाईल. तेव्हा पुढच्या खेपेस देवळात गेलात, तर देवदर्शन झाल्यावर त्या दगडापाशी जरा खाली बसा. गाई आहेत की गलबत, एवढं पाहा, आणि बरोबरच्या मुलाला सांगा.