दुसरी एसएसडी बसेल, पण कुठे?

जबलपूरच्या मढाताल भागातल्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये एसएसडी मागितली की दुकानदार विचारतो, ‘कितने जीबी?’ आपल्या मदरबोर्डला चालेल ना, असं विचारलं की ‘लग जाएगा भैया’ हे उत्तर ठरलेलं. लागते खरी. तिच्यापायी दुसरं काय बंद पडलं, ते घरी आल्यावर कळतं.

चार-पाच वर्षांपूर्वी डेस्कटॉप घेतलेल्या अनेकांकडे २५६ जीबीची एसएसडी आणि सोबत १ टीबीची हार्ड डिस्क अशी जोडी आहे. विंडोज, तिचे अपडेट, मुलांचे गेम, फोनमधून उतरवलेले फोटो, सगळं मिळून ‘सी’ लाल होते. काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावतेही, कारण नवं लिहिण्याआधी जुने ब्लॉक पुसून मोकळे करावे लागतात आणि त्या हलवाहलवीला जागाच उरत नाही. मग दुसरी एसएसडी घ्यायची ठरते.

कॅबिनेटची (आपल्याकडे त्या डब्यालाच सगळे ‘सीपीयू’ म्हणतात) बाजू उघडण्याआधी मदरबोर्डचं मॉडेल बघून त्याचं मॅन्युअल इंटरनेटवरून उतरवा. त्यातलं स्टोरेजचं एक पान वाचलं तरी पुरे. एम डॉट टू नावाच्या खाचेत बसणारी पट्टी बहुधा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते, म्हणून तिच्यावर २२८० लिहिलेलं असतं. पण दिसायला जवळपास सारख्या पट्ट्या दोन जातींच्या निघतात. साटा जातीची सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत पळते. एनव्हीएमई जातीची पीसीआयईच्या जुन्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ३,५०० आणि चौथ्या पिढीच्या बोर्डावर ७,००० एमबीपर्यंत जाते. काही बोर्डांच्या दुसऱ्या खाचेत यातली एकच जात चालते. शिवाय अनेक स्वस्त बोर्डांवर डेटाच्या वाटा मोजक्या असतात: दुसरी खाच भरली की साटाची एखाद-दोन पोर्ट आपोआप बंद होतात. कालपर्यंत चालणारी हार्ड डिस्क आज गायब, आणि माणूस ती जळाली समजून बसतो. खरं तर केबल दुसऱ्या पोर्टला लावली की काम होतं. खाचच नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. तिला डेटाची केबल वेगळी विकत घ्यावी लागते, एसएसडीच्या डब्यात ती सहसा नसते.

आता वेगाचं. जबलपूरजवळच्या भेडाघाटला प्री-वेडिंग शूट करणाऱ्याचंच उदाहरण घेऊ. त्याचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटने फोर-के चित्रित करत असेल, तर ते होतात साडेबारा एमबी. तासाभराचं फुटेज ४५ जीबी. एडिटिंगमध्ये तीन कॅमेरे एकदम चालवले तरी सेकंदाला चाळीस एमबीही होत नाहीत. साटा एसएसडी हे हसतखेळत पेलते. म्हणून ७,००० च्या आकड्यावर जादा पैसे घालवण्यापेक्षा तेवढ्यात दुप्पट जागा घेणं मला शहाणपणाचं वाटतं. एकच सावधगिरी: क्यूएलसी चिपच्या स्वस्त एसएसडीचा वेगवान बफर मोठी कॉपी करताना संपतो, आणि मग काही एसएसडी हार्ड डिस्कच्याही खाली येतात.

बसवणं सोपं आहे. पीसी बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. पट्टी खाचेत तिरकी सरकवायची; सोडली की तिचं मागचं टोक वर उचललेलंच राहतं, ते बोटाने हलकेच दाबून स्क्रू लावायचा. तो इवलासा स्क्रू एसएसडीसोबत येईलच असं नाही. तो मदरबोर्डच्या खोक्यात होता, आणि खोकं कधीच रद्दीत गेलेलं असतं, तेव्हा दुकानातूनच मागून घ्या. हीटसिंक असेल तर त्याच्या पॅडवरचा प्लास्टिकचा कागद सोलायला विसरू नका. जबलपूरचा मे महिना म्हणजे ४२-४३ अंश. त्यात ग्राफिक्स कार्डाखालची एनव्हीएमई तापली की स्वतःच वेग कमी करते. अशा ठिकाणी हीटसिंक लावलेलाच बरा.

चालू केल्यावर ‘धिस पीसी’त नवी एसएसडी दिसत नाही. घाबरू नका. स्टार्टवर उजवी क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, जीपीटी निवडा, मग न्यू सिम्पल व्हॉल्यूम. फॉरमॅट करताना आकार पाहूनच क्लिक करा, नाहीतर भरलेलीच डिस्क पुसली जाईल. १ टीबीची एसएसडी ९३१ जीबी दिसते. ती फसवणूक नव्हे, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

जुनी एसएसडी धड असेल तर विंडोज तिथेच राहू द्या आणि गेम, फुटेज, फोटो नव्या जागी हलवा. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘लोकेशन’मधून ती रीतसर हलतात. विंडोज नव्या एसएसडीवर क्लोन करायचीच असेल, तर पहिल्यांदा सुरू करताना जुनी काढून ठेवा; दोन्ही जोडलेल्या असल्या की पीसी कधीकधी जुन्याच विंडोजवर उघडतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

एकाच कॅबिनेटमधली दुसरी एसएसडी म्हणजे बॅकअप नव्हे. वीज कोसळून पॉवर सप्लाय गेला तर दोन्ही एकदम जाऊ शकतात. बॅकअपला ती जुनी हार्ड डिस्क बाहेर काढून यूएसबी केसमध्ये घाला. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही, तेव्हा केस स्वतंत्र ॲडॅप्टरवाली मागा.